बुटक्या टेबलानं पाहिलेली भूक

मी एक जुनं, बुटकं टेबल आहे. इतकं बुटकं की मोठी माणसं मला पाहतच नाहीत; नडगी आपटली की मगच पाहतात. बोलायची मला सवय नाही. आजवर नुसतं ऐकत आलो. तेव्हा मित्रांनो, सांगताना कुठे मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. जे सांगायचं आहे ते फार मोठं आहे आणि मी एवढासा. जमेल की नाही, कोण जाणे.

मी एका पाळणाघरात राहतो. एक लांब खोली, तिच्या मागे स्वयंपाकघर, पुढे छोटंसं अंगण. अंगणात वाळूचा खड्डा आणि पाण्याची दोन घमेली. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत, मुलांच्या उंचीच्या. हेच माझं जग. मी दुसरं पाहिलेलं नाही, त्यामुळे तुलना करता येत नाही. तरी मला वाटतं की याहून मोठं जग असायचं कारण नाही.

माझं लाकूड आधी एका कापडाच्या दुकानात फळी म्हणून होतं. दुकान बंद झालं, तेव्हा एका सुतारकाकांनी त्या फळ्या इथे आणल्या. टेबल किती उंच करायचं असं मोठ्या ताईंनी विचारलं. मोठ्या ताई म्हणजे हे पाळणाघर चालवणाऱ्या. सुतारकाकांनी टेप खिशातच ठेवला. त्यांनी आठ मुलांना छोट्या खुर्च्यांवर बसवलं आणि प्रत्येकाच्या कोपराखाली भिंतीवर खूण केली. मग सगळ्यात खालची खूण धरून माझे पाय कापले.

"सरासरी नको का काढायला?" मोठ्या ताईंनी विचारलं.

"उंच मूल वाकेल हो," सुतारकाका म्हणाले. "बुटकं मूल कुठून वाढणार, एका घासापुरतं?"

माझ्या कडा त्यांनी तीन दिवस घासल्या. शेवटी आपला गाल माझ्या कडेवरून फिरवून पाहिला. एक कुसळ लागलं, तर पुन्हा घासायला बसले. मला तेव्हा काही कळत नव्हतं. पण माझ्यासाठी एका मोठ्या माणसानं गाल टेकवला, हे मी विसरलेलो नाही.

मित्रांनो, तुम्हाला तुमचा दिवस साधा वाटत असेल. मला त्याचं अजूनही नवल वाटतं. सकाळी साडेआठला पहिली चप्पल दारात पडते. कुणी हसत येतं, कुणी रडत येतं. नऊ वाजता दूध आणि फळाची फोड. मग खेळ. माझ्या पोटाखाली घर होतं, होडी होते, गुहा होते, दवाखाना होतो. मी तसाच उभा असतो, पण एका सकाळीत चार ठिकाणी जाऊन येतो. साडेअकराला ऊन तिसऱ्या फरशीवर येतं आणि स्वयंपाकघरातून शिजल्या भाताचा वास येतो. ज्यांना घड्याळ वाचता येत नाही ती मुलं तेव्हा हातातलं खेळणं ठेवून माझ्याकडे बघतात. हे त्यांना कुणी शिकवलं, मला सांगता येणार नाही. मग जेवण, मग झोप, तीन वाजता पुन्हा थोडं खाणं, आणि घरी.

जेवायची इथली एक पद्धत आहे. मोठी माणसंही त्या छोट्या खुर्च्यांवर, माझ्याभोवतीच बसतात आणि मुलांचंच जेवण जेवतात. मऊ भात, डाळ, भोपळा, गाजर, अंडं, कधी मासा, कधी दही. भांडी मधोमध असतात आणि प्रत्येक मूल आपल्या हातानं वाढून घेतं. सांडतं, ते पुसायला एक फडकं ठेवलेलं असतं. "ताटात काय यायचं ते आपण बघायचं," मोठ्या ताई नवीन माणसाला सांगतात. "किती जायचं ते त्याचं पोट बघेल. आणि मधल्या वेळी कुणी कुणाला काही द्यायचं नाही. एक दाणासुद्धा." हे सांगताना त्यांचा आवाज जरा कडक होतो.

आणि मी तुम्हाला सांगतो, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. भोपळ्याची फोड आत जाते आणि दुपारी तिची उडी होते. डाळीची वाटी आत जाते आणि महिन्याभरानं दारावरची रेघ बोटभर वर सरकते. मधे काय घडतं ते मला दिसत नाही. मी लाकूड आहे. मला पाणी दिलं तर मी फुगतो, वाढत नाही. म्हणून तुमच्याकडे बघताना माझी मान वर होते. म्हणजे मान असती तर झाली असती.

वाईट दिवसही आले. पाळणाघरात एकदा रंगीत प्लॅस्टिकची टेबलं आली. लाल, पिवळी, हलकी. मला मागच्या पडवीत नेऊन ठेवलं. माझ्यावर कुंड्या बसल्या, एका पायाला वाळवी चाटून गेली. आतून जेवणाचे आवाज यायचे. मी म्हटलं, बरोबरच आहे, आपण होतोच काय असे मोठे. दोन वर्षांनी प्लॅस्टिकला तडे गेले, मुलांच्या हाताला चिमटे बसायला लागले आणि स्वयंपाकाच्या मावशींना माझी आठवण झाली. "त्या ठोकळ्याला आणा परत," त्या म्हणाल्या. "दिसायला दगड आहे, पण चावत नाही कुणाला." माझं एवढं कौतुक आधी कुणी केलं नव्हतं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात पिटुकली आली.

तिचं खरं नाव हजेरीच्या पाटीवर होतं, पण मावशींनी पहिल्याच दिवशी पिटुकली म्हटलं आणि तेच राहिलं. वय तीन वर्षं. तिला सकाळी आजोबा आणायचे. तिची आई नुकतीच बस चालवायला लागली होती, मोठी, शहरातली बस. तीन महिने शिकाऊ, मग कायमची पाळी. पिटुकली बोलायची नाही. खेळायचीही नाही. आली की सरळ माझ्याखाली जाऊन बसायची आणि साडेअकराला खुर्चीवर बसली की ओठ असे मिटायची, की गंजलेलं कुलूप उघडेल पण ते ओठ उघडणार नाहीत.

"अगं, चिमणी बरी हिच्यापेक्षा," मावशी म्हणाल्या. "ती निदान टोचून तरी बघते."

"नावं ठेवू नका, मावशी," मोठ्या ताई म्हणाल्या. "वेळ द्या तिला."

वेळ दिला. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. पाळणाघरात महिन्याच्या एक तारखेला मुलांची वजनं होतात. पिटुकलीचा काटा पहिल्या महिन्यात जिथे होता तिथेच दुसऱ्या महिन्यात होता, केसभरही हलला नव्हता. तिच्या मागून आलेला एक गुटगुटीत मुलगा होता, त्याला सगळे पैलवान म्हणायचे. तो दोन वेळा भात घ्यायचा आणि मग पिटुकलीच्या ताटाकडे बघून विचारायचा, "ही सुट्टीवर आहे का?"

आता मी तुम्हाला ते सांगतो जे फक्त मला माहीत होतं.

सकाळी आजोबा पिटुकलीला सोडायचे, पण लगेच जायचे नाहीत. दूध-फळ होऊन मुलं पांगेपर्यंत तिच्या सँडलचा पट्टा लावायच्या निमित्तानं माझ्यापाशी घुटमळायचे. मग इकडेतिकडे बघून खिशातून दोन बिस्किटं काढायचे. "खाऊन घे, बाळा. आईला सांगायचं नाही. आणि ताईंना तर मुळीच नाही."

सव्वादहाला धाकट्या ताई यायच्या. त्या नुकत्याच कामाला लागल्या होत्या आणि सगळ्यांत हळव्या होत्या. चेंडू शोधायचं सोंग करत माझ्याखाली डोकावायच्या आणि मूठ उघडायच्या. "मनुका. चारच आहेत. कुणाला सांगू नकोस हं, माझी नोकरी जाईल."

पावणेअकराला मावशी. त्या मला पुसायच्या निमित्तानं यायच्या, आणि त्या दिवसांत मी जितका पुसला गेलो तितका कधी पुसला गेलो नसेन. ॲप्रनच्या खिशातून उकडलेल्या बटाट्याची फोड निघायची, मीठ लावलेली. "घे गं माझे आई. त्या मोठ्या ताईंना काय, नियम खाऊन पोट भरतं त्यांचं. आणि हे आपल्या दोघींतच."

आणि अकरा वाजून गेल्यावर, दाराकडे दोनदा बघून, एक हात माझ्यावर टेकून, गुडघ्यांवर कण्हत कोण खाली बसायचं, सांगू? मोठ्या ताई. हातात सालासकट अर्धं केळं. फक्त ओठांवर बोट ठेवायच्या.

पिटुकली सगळ्यांकडून घ्यायची. थोडं खायची, कारण देणारं माणूस समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत असायचं. उरलेलं ती माझ्या फळीखालच्या चौकटीवर ठेवून द्यायची. तिथे बोटभर रुंद कड आहे, सुतारकाकांनी मजबुतीसाठी ठेवलेली. मोठ्या माणसांना ती दिसत नाही, कारण त्यांनी कधी टेबल खालून पाहिलेलं नसतं.

साडेअकराला ती ओठ मिटून बसली की तिघीही गंभीर व्हायच्या.

"आजही काही नाही," मोठ्या ताई म्हणायच्या.

"एक शीतही नाही," मावशी म्हणायच्या.

धाकट्या ताई मान हलवायच्या. संध्याकाळी आजोबा न्यायला आले की त्यांना सांगितलं जायचं आणि तेही उसासा सोडायचे. आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दुःखाच्या मागे एक लपवलेला अभिमान असायचा, की बाकीच्यांना ठाऊक नाही, पण हे लेकरू माझ्यामुळे तगलं आहे. चौघंही खोटं वागत नव्हती. चौघंही त्या पोरीवर जीव टाकत होती. भिंतीला कान असतात म्हणतात. मला कान होते, पोटही होतं, आणि पोटात सगळं साठलेलं होतं. तोंड तेवढं नव्हतं.

पिटुकलीला भूक लागतच नव्हती, मित्रांनो. पोट गोड-खारट तुकड्यांनी भरून जायचं, पण अंगात जोर यायचा नाही. दुपारी ती किरकिर करायची. बाकीची मुलं अंगणात पाणी उडवत असताना ती माझ्या पायाला टेकून बसलेली असायची. तिचा खांदा पाखरासारखा हलका लागायचा. मणामणाच्या कुंड्या मी पेलल्या आहेत. तो खांदा मला पेलवत नव्हता.

एका शनिवारी दुपारी तिची आई आली. गणवेशातच होती, बाहीवर क्रमांकाचा बिल्ला. ती मोठ्या ताईंशी माझ्याजवळच उभी राहून बोलली.

"येत्या शनिवारी कायमच्या पाळीच्या कागदावर सही करायची आहे. दुपारी दोनच्या आत द्यायचा आहे तो. तोवर ही इथे जेवायला लागली तर मी सही करते. नाहीतर नाही करत, घरी बसते."

"इतक्या टोकाला जाऊ नका," मोठ्या ताई म्हणाल्या.

"मला हे काम आवडतं हो, ताई. एवढं मोठं धूड माझ्या हातानं वळतं, मागे साठ माणसं निवांत बसलेली असतात. घरात कुणाला वाटलं नव्हतं की मला जमेल. मलाही नव्हतं वाटलं." तिनं बाहीवरचा बिल्ला चाचपला. "पण काल मी एक थांबा चुकवला. मागून एक बाई ओरडल्या. माझ्या डोळ्यांसमोर हिचं ताट होतं. पोर उपाशी ठेवून मला रस्ता दिसत नाही. मग त्या साठ माणसांचं काय?"

सोमवारपासून केळं अर्ध्याऐवजी अख्खं न्यायचं, असं मोठ्या ताईंनी बहुधा तेव्हाच ठरवलं असावं. माणसांचा चेहरा मला थोडाफार वाचता येतो.

सोमवारी सकाळी माझा एक पाय डगमगला. मला सांगायला आवडलं असतं की मी मुद्दाम डगमगलो. पण खोटं कशाला बोलू, तोच वाळवीनं चाटलेला पाय होता आणि स्क्रू सैल झाला होता. दुधाचा पेला कलंडला, म्हणून सुतारकाकांना बोलावलं. तेच सुतारकाका, आता केस पांढरे झालेले. साडेनऊच्या सुमाराला आले. आजोबा तेव्हा पट्टा लावत होते. सुतारकाकांनी मला दोन्ही हातांनी धरलं आणि उलटं केलं.

आधी खडखड आवाज झाला. मग सगळं जमिनीवर सांडलं.

"टेबलाखाली दुकान काढलंय की काय कुणी?" सुतारकाका म्हणाले.

मावशी स्वयंपाकघरातून धावत आल्या, मागून दोन्ही ताई आल्या. फरशीवर बिस्किटांचे तुकडे होते, वाळून टाचणीसारख्या झालेल्या मनुका होत्या, गोट्यांसारखे टणक बटाटे होते आणि काळ्या पडलेल्या सालींची एक रांग होती. मुलं गोल करून उभी राहिली. मोठी माणसं एकमेकांकडे बघेनात.

"हे कुणाचं गं बाळा?" सुतारकाकांनी समोर उभ्या असलेल्या पिटुकलीला सहज विचारलं.

आणि पिटुकली बोलली. तिला सांगायला मनाई होती, पण आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ती खाली बसली आणि एकेका गोष्टीवर बोट ठेवून, शांतपणे, एखादी मोठी बाई कपाट दाखवते तसं सांगू लागली. "हे आजोबांचं. हे ताईचं, छोट्या. हे मावशीचं." तिनं माझ्या चार बाजूंना चौघांचं वेगवेगळं ठेवलं होतं. कुणाचं कुणात मिसळू दिलं नव्हतं. मला त्या क्षणी जे वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. आम्ही तिला रिकामी समजत होतो, आणि तिनं चार माणसांची माया चार कोपऱ्यांत नीट लावून ठेवली होती.

सालींपाशी येऊन ती थांबली. पिटुकलीनं वर बघितलं आणि मोठ्या ताईंकडे बोट केलं.

"केळं माझं आहे," मोठ्या ताई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

"तुमचं?" मावशी म्हणाल्या. "आणि मी गेल्या महिन्यात एका पोराला मधेच गाजर दिलं, तर मला किती बोललात."

"बोलले."

"मी तेव्हा रात्री जेवले नव्हते."

"मावशी, आता मला हवं ते बोला. मी ऐकते."

पण मावशी वाकून फरशीवरचे बटाटे वेचायला लागल्या. आजोबा खिशात हात घालून उभे होते, आणि खिशातली बिस्किटं बाहेर काढायची की आतच ठेवायची हे त्यांना कळत नव्हतं. धाकट्या ताई रडायला लागल्या होत्या. मोठ्या ताई खाली, सालींपाशी बसल्या.

"आपण चौघांनी मिळून हिची भूक खाऊन टाकली," त्या हळू म्हणाल्या. "रोज. थोडी थोडी."

मग ठरलं. मधल्या वेळी कुणी काही द्यायचं नाही, आणि या वेळी खरोखर नाही.

"आणि ती उपाशी राहिली तर?" मावशींनी विचारलं.

"तर शेजारी बसू. तीनला पुन्हा खाणं आहेच."

"मी फाटकातूनच परत जातो," आजोबा म्हणाले. "आत आलो तर हात खिशात जाईल."

"मग खिसाच शिवून टाका," मावशी म्हणाल्या, आणि ती रडणारी मंडळी थोडी हसली.

सोमवारी ती जेवली नाही. मंगळवारी जेवली नाही, आणि जेवणाच्या वेळी रडली. तीन वाजता मात्र तिनं दूध तळापर्यंत प्यायलं. मावशी त्या दिवशी मला पुसायला आल्याच नाहीत. लांबूनच फडकं दाखवून परत गेल्या. मोठ्या ताईंनी एक केळं हातात घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं, शेवटी सगळ्या मुलांच्या तीन वाजताच्या ताटांत त्याच्या चकत्या करून टाकल्या. नियम पाळणं इतकं जड असतं, हे त्या घरातल्या नियम करणाऱ्या बाईलाच बहुधा सगळ्यांत उशिरा कळलं.

बुधवारी पिटुकली सवयीनं माझ्याखाली येऊन बसली. थोडा वेळ वाट पाहिली. कुणी आलं नाही. मग ती उठली आणि दारात गेली.

अंगणात पैलवान वाळूच्या खड्ड्यात तळं करत होता. घमेल्यातून पेला भरायचा, धावत जाऊन ओतायचा. पाणी वाळूत जिरून जायचं. तो पुन्हा भरायला पळायचा आणि येईपर्यंत सगळं कोरडं. "एकट्याचं काम नाही हे," तो म्हणाला आणि दुसरा पेला पिटुकलीपुढे धरला.

तिनं घेतला. मी दारातून बघत होतो. ती एक खेप गेली, दोन गेल्या. पडली, उठली. बारा खेपांनंतर मी मोजणं सोडलं. पाणी जिरत होतं आणि ती दोघं ओतत होती, आणि मग एका क्षणी, कसं कोण जाणे, पाणी थांबलं. खड्ड्याच्या तळाशी एक चमचमता गोल दिसायला लागला. पिटुकली त्याच्याकडे बघत उभी राहिली. गाल लाल, केस कपाळाला चिकटलेले, पाय चिखलानं माखलेले.

ऊन तिसऱ्या फरशीवर आलं. भाताचा वास सुटला.

मित्रांनो, आता मी जे पाहिलं ते मला फार थोड्या वेळा पाहायला मिळालं आहे. तुम्हाला रोज भूक लागते, म्हणून ती येताना तुम्हाला दिसत नाही. मला दिसली. पिटुकलीनं नाक वर केलं. पेला हातातून खाली ठेवला. पोटावर हात ठेवला, जणू आत कुणी दार वाजवत आहे आणि ते कोण हे तिला आठवत आहे. मग ती आत आली. कुणी बोलावलं नव्हतं. धाकट्या ताईंनी हात-पाय धुऊन दिले तेव्हा तिचं लक्ष माझ्याकडेच होतं. खुर्चीवर बसली, आणि दोन्ही तळवे माझ्यावर सपाट ठेवले. ते तळवे गरम होते.

सगळी मोठी माणसं आपापल्या ताटात बघायला लागली. मावशी छताकडे बघत होत्या. पिटुकलीनं डाव ओढला, भात घेतला, अर्धा माझ्यावर सांडला. भोपळ्याची फोड घेतली. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. ती जेवत होती तेव्हा खोलीत इतकी शांतता होती, की तिच्या चावण्याचा आवाज मला पायांपर्यंत ऐकू येत होता. मी जन्मभर जेवणं पाहिली आहेत. जेवण ही एवढी मोठी गोष्ट असते हे मला त्या दिवशी कळलं.

"अजून," ती म्हणाली.

"घे की, कुणी अडवलंय," मावशी अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. मग त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे बराच वेळ भांडी वाजत राहिली.

"सुट्टी संपली हिची," पैलवान म्हणाला.

गुरुवारी ती जेवली. शुक्रवारी गाजर नको म्हणाली, अंडं दोनदा घेतलं. शनिवारी साडेअकराला तिची आई दारात येऊन उभी राहिली. आजोबांनी तिला सांगितलं होतं, पण तिनं विश्वास ठेवला नव्हता. दोनच्या आत कागद द्यायचा होता. चपला न काढता ती चौकटीला टेकून बघत राहिली. पिटुकली पाठमोरी होती. डाळ वाढून घेत होती आणि पैलवानाला सांगत होती की इतकी भरभर खाऊ नकोस, ठसका लागेल.

"या ना, बसा," मोठ्या ताई म्हणाल्या.

आई चपला काढून आत आली. त्या छोट्या खुर्चीवर बसली तेव्हा तिचे गुडघे हनुवटीला लागले. पिटुकलीनं तिच्याकडे बघितलं. आई आली म्हणून ती रडली नाही, कडेवरही गेली नाही. तिनं एक रिकामं ताट आईपुढे सरकवलं आणि मोठ्या ताईंच्या आवाजात म्हणाली, "तुला पाहिजे तेवढं वाढून घे."

आईला हात पुढे करता येईना. मग पिटुकलीनंच दोन्ही हातांनी डाव धरला आणि तिला भात वाढला. बरंच सांडलं.

"दोन महिने डबा उघडते आणि बंद करते," आई हळूच मोठ्या ताईंना म्हणाली. "घास उचलला की हिचं तोंड दिसायचं. तसाच घरी न्यायची." एवढं बोलून ती जेवायला लागली. भुकेलं माणूस जेवतं तशी, मान खाली घालून. पिटुकली तिच्या तोंडाकडे बघत होती. आईचं ताट रिकामं होत आलं तेव्हा तिनं विचारलं, "अजून?"

"अजून," आई म्हणाली.

जेवण झाल्यावर तिनं पर्समधून घडी केलेला कागद काढला, माझ्यावर पसरला आणि धाकट्या ताईंकडे पेन मागितलं. सही करताना माझ्यावर सांडलेलं एक शीत कागदाला चिकटलं. तिनं ते काढलं नाही. तसाच कागद घेऊन ती गेली, आणि थोड्या वेळानं रस्त्यावरून जाणाऱ्या बसनं दोनदा हॉर्न दिला.

हे सगळं मी पाहिलं, मित्रांनो. मी त्यात काही केलं नाही. मी फक्त होतो.

आता माझं एवढंच मागणं आहे. मला कोरड्या फडक्यानं पुसा, पाण्यात उभं करू नका. मुलांना मनसोक्त खेळू द्या, आणि त्यांची भूक त्यांच्यापर्यंत चालत येईल एवढी वाट बघा. ती हळू चालते, पण तिला घर माहीत असतं. आणि मोठ्या माणसांना माझा निरोप सांगा. माझे पाय कुणी उंच करू नका. तुम्हीच खाली बसा. गुडघे कुरकुरतात, मला ठाऊक आहे. कुरकुरू द्या. जेवण निवतंय.